बोटं उचलायची नाहीत

३ मार्च, नेयाफू
बोटीवरून उतरले तर इस्पितळाच्या सिस्टर लाविनिया स्वतः धक्क्यावर. माझ्या पेटीचा वास घेत म्हणाल्या, हापाई बेटांवरची माणसं अजून सुकी मासळी घेऊनच फिरतात वाटतं. शिकाऊ नर्सांच्या घरात खिडकीची खोली मिळाली. आत्याची आठवण आली. अक्षरं तिनंच शिकवली, नाडी बघायलाही, स्वतःच्या मनगटावर. प्रार्थनेत हात जोडले नाहीत तर बोटांवर पट्टी मारायची.

५ मार्च
धमनीतून रक्त काढायला शिकले. आधी मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबायच्या, तळहात पांढरा पडतो. करंगळीकडची सोडल्यावर लाली परतली, तरच अंगठ्याकडे सुई टोचायची. रक्त आपोआप सिरिंजमध्ये चढतं. नंतर जागा पाच मिनिटं दाबून धरायची, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी. सिस्टर म्हणाल्या, राजा दारात आला तरी बोटं उचलायची नाहीत, पोरी.

८ मार्च, रविवार
विलीसोनी आजोबांचं रक्त घेतलं. त्यांना त्या गोळ्या चालू आहेत. म्हणाले, माझं रक्त तपासणीला फिरून येतंय, मला मात्र चर्चलाही सोडत नाही तुम्ही. मी मनगट दाबून बसले होते. तेवढ्यात त्यांच्या लेकीनं प्रार्थना सुरू केली. सगळ्यांच्या माना झुकल्या. मीही डोळे मिटून हात जोडले.
आमेन म्हटल्यावर पाहिलं, तर मनगट आंब्याएवढं सुजलेलं.

९ मार्च
हात कोपरापर्यंत काळानिळा. मी सिस्टरना सगळं सांगितलं. शस्त्रक्रियेला नेताना आजोबा लेकीला म्हणाले, तिला रागावू नकोस, प्रार्थनाच करत होती. टेबलावरच गेले.

१२ मार्च
संध्याकाळच्या प्रार्थनेत हात जोडले आणि मनगटावर कुणाची तरी बोटं. गार. घट्ट दाबलेली. डोळे उघडले तर कुणी नाही. दाब मात्र तसाच.

१४ मार्च
आज जोर करून मनगट ओढून घेतलं. खाली सुईची खूण. मी टोचलेली नाही. रक्त उसळून भिंतीपर्यंत गेलं — पट्टीनं थांबेना. मग बोटं परत आली. रक्त थांबलं.
आजोबा मला मारत नाहीयेत. धरून ठेवलंय मला.

१५ मार्च, रविवार
सिस्टर दारावर. म्हणतात चल, आजोबांसाठी प्रार्थना आहे, त्यांची लेकही आलीये. मी म्हटलं आज नको, या घरात नको. म्हणाल्या, वेडी कुठली, त्यांनी जन्मात एक प्रार्थना चुकवली नाही.
तेच तर —
ते हात जोडतील —
लेकीचा आवाज. सुरू केली तिनं प्रार्थना.
एक बोट उचललं. दुसरं —
आजोबा, नका, अजून पाच मि