केनोसी मामांच्या गाडीचं नवं वायरिंग

शोशोंग,
१९ ऑक्टोबर

आदरणीय केनोसी मामांना भाचा मोलेफी याचा वाकून नमस्कार.

तुमचा खुबा कसा आहे? फ्रान्सिसटाउनच्या डॉक्टरनं बसवलेला नवा सांधा तुम्हाला मानवला आणि आता तुम्ही काठी टेकत फाटकापर्यंत जाता, असं मामी म्हणाल्या. (फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या गुरांना नावं ठेवता, असंही म्हणाल्या. तेव्हा प्रकृती सुधारतेय यात शंका नाही.) इकडे पाऊस नाही. गोठ्यावरची लंगडी गाय व्यायली, कालवड झाली. जाताना तुम्ही मला बजावलं होतंत, ‘आठवड्यातून एकदा गाडी चालू करायची, बाकी कशालाही हात लावायचा नाही.’ त्यातला पहिला भाग मी तंतोतंत पाळला. दुसऱ्या भागाविषयी हे पत्र आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच ओरडता. पत्रात तशी सोय नाही.

ऑगस्टमध्ये चर्चच्या गाणाऱ्या बायकांना एका मयताला पोचवायचं होतं. नऊ जणी मागच्या हौद्यात बसल्या. तुमची गाडी तेव्हा डावीकडे वळायचा दिवा लावला की काच पुसायची, आणि ब्रेक दाबला की तिचा रेडिओ बंद पडायचा. पण एवढं गावाला सवयीचं झालं होतं. त्या दिवशी मात्र बरोबर चावडीसमोर स्टिअरिंगखालून धूर यायला लागला. बायका एकेक करून उतरल्या, पण गाणं थांबवलं नाही. मुखियांनी वाळूची बादली आणवली, आग विझवली आणि सर्वांसमोर म्हणाले, ‘नऊ जणी उड्या मारून उतरल्या आणि एकीचाही सूर हलला नाही. मोलेफी, गाडीपेक्षा या बायकांची निगा जास्त चांगली राखलेली दिसते.’ चावडीवर जमलेले सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

तिथून गाडी ढकलत नेली ती म्हाताऱ्या रा मोस्वेऊंच्या अंगणात. (बोअरच्या पाण्यावरून तुमचं नि त्यांचं बारा वर्षं बोलणं नाही, हे मला ठाऊक आहे. पण ढकलणाऱ्यांनी उतार पाहिला, वैर पाहिलं नाही.) त्यांची थोरली लेक सेतुन्या ज्वानेंगच्या खाणीत वीस वर्षं अवजड गाड्यांचं वायरिंग करायची, नवरा गेल्यावर गावी परतली आणि बापाच्या अंगणातच तिनं काम मांडलंय. तिनं डॅशबोर्ड उघडून आत हात घातला आणि एकामागून एक वस्तू बाहेर काढायला लागली: दारावरच्या घंटीची वायर, कुंपणाची तार, आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद. ‘हे कुणी केलं?’ मी म्हणालो, कल्पना नाही. ‘ज्यानं केलं त्याच्या हातात काडेपेटीसुद्धा देऊ नका, मास्तर.’ मामा, मी तुमचं नाव घेतलं नाही. तिचा बाप बाजूच्या खुर्चीत चहा पीत होता, त्यानं घेतलं.

सगळं जुनं वायरिंग काढून टाकायचं ठरलं. ते तिनं चादरीवर अख्खंच्या अख्खं पसरलं, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधायचं काम मला दिलं. ‘डावा दिवा’, ‘भोंगा’, ‘पेट्रोलचा काटा’. चौतीस चिठ्ठ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आलो तेव्हा नऊ उरल्या होत्या. बाकीच्या रा मोस्वेऊंच्या शेळीनं खाल्ल्या, वर हातभर हिरवी वायरही. मला वाटलं, आता ही बाई घर डोक्यावर घेणार. पण ती खाली बसली, तपासणीचा बल्ब हातात घेतला आणि म्हणाली, ‘चला मास्तर, आता एकेकीला विचारायचं, बाई गं, तू कुणाची?’ त्या विचारपुशीला पाच आठवडे लागले. नवी फ्यूजपेटी आली, इंजिनापासून सांगाड्यापर्यंत मनगटाएवढी नाही पण करंगळीएवढी जाड अर्थिंगची वायर आली, दिव्यांना रिले आले (म्हणजे दिव्यांची सगळी वीज आता बटणातून जात नाही, बटण फक्त हुकूम सोडतं), आणि सगळ्या वायरींवर काळी नळी चढली. मी रोज जात होतो. टॉर्च धरायला कुणीतरी लागतंच. ती बिनसाखरेचा चहा पिते आणि वायर सोलताना ओठ दुमडते, ही माहिती तुमच्या उपयोगाची नाही, राहू द्या.

पहिल्या चाचणीला रा मोस्वेऊ हट्टानं स्वतः आत बसले. त्यांनी ब्रेक दाबला आणि भोंगा जो सुरू झाला, तो बॅटरी सोडवेपर्यंत थांबेना. ते खाली उतरून म्हणाले, ‘केनोसीची गाडी. मालकासारखीच, उगाच ओरडते.’ ती चूक माझ्या चिठ्ठीची होती. ते मी सेतुन्याला एकटीला सांगितलं. ती म्हणाली, ‘मला माहीत होतं. तुम्ही सांगता का ते बघत होते.’

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी रा मोस्वेऊ अंगणात बसल्या जागी कोसळले. दवाखान्याची गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. आम्ही त्यांना तुमच्या गाडीत मागच्या सीटवर घातलं. सेतुन्यानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी महालाप्येच्या इस्पितळाची वाट धरली. अर्ध्या वाटेवर धुळीचं वादळ आलं, लाल आणि दाट, दिवसाढवळ्या बॉनेट दिसेना. मी दिवे लावले. मामा, तुमच्या गाडीचे दिवे मी चाळीस वर्षं पाहतोय. मेणबत्तीनंही हसावं असे मिणमिणते होते. त्या दिवशी रस्त्याची कड दिसली, समोरचा ट्रक दिसला, त्यालाही आम्ही दिसलो. ती मागून एकदाच म्हणाली, ‘हळू, मोलेफी.’ तोवर मी मास्तर होतो. पोचलो. साखर भलतीच वाढली होती, डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर हातचे गेले असते. आता ते घरी आहेत आणि शेळीवर ओरडतात.

तर गाडी उत्तम आहे, काळजी नसावी. मामींना आणि मुलांना माझी आठवण सांगा. सांध्याला जपा.

तुमचा भाचा,
मोलेफी

ता. क. गाडीविषयी एवढं लांबण लावायचं खरं तर कारण नव्हतं. मी बावन्न वर्षांचा आहे, बायको जाऊन पाच वर्षं झाली, आणि तरीही आपल्यात मागणी मामानंच घालायची असते. तेव्हा काठी चालेल, पण कोट आणि टोपी हवी, आणि सूर्य उगवायच्या आत रा मोस्वेऊंच्या दारात जाऊन बसावं लागेल. मी त्यांचा कानोसा घेतला. म्हणाले, ‘केनोसी स्वतः येऊन जमिनीवर बसणार असेल तर मी घरी आहे.’ बोअरचा विषय त्यांनी काढला नाही. तुम्हीही काढू नका.

पुन्हा ता. क. शनिवारच्या बसनं या. स्टँडवर घ्यायला गाडी घेऊन सेतुन्या येते म्हणतेय. पण जिला मागणी घालायची, तिनंच मागणी घालणाऱ्या मामाला स्टँडवरून आणलेलं चालतं का, हे मला गावात कुणाला विचारता येत नाही. तुम्हीच कळवा. तिला मी हो म्हणून बसलोय.