केशवापुरातला ऑर्गन

सप्तापूर, धारवाड
ता. ४ फेब्रुवारी १९३५

ती. सौ. अनसूयाक्कास,

शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व खुशाल. मुलांचा खोकला गेला.

काल कॉलेजातले एक लेक्चरर, त्यांच्या मुलीला पेटी शिकवाल का, असे विचारायला आले होते. नाव सांगितल्यावर त्यांनी विचारले, बोलपटांना चाली लावणाऱ्या जयतीर्थांचे मी कोण. थोरला भाऊ, म्हणालो. अक्का, पडदा वर जाण्याआधी माझा ऑर्गन ऐकायला थिएटर भरत असे. नाटकाच्या चाली माझ्या, वन्समोअर माझे. आता मी धाकट्याचा थोरला. त्याच्या नव्या बोलपटातले दुसरे पद ऐकलेस का? माझ्या चालीचा सख्खा भाऊच आहे ते. लोक टाळ्या देतात आणि मला अन्न गोड लागत नाही.

नाटक मंडळी बुडाली तेव्हा ऑर्गन या जिन्यातून वर चढेना, म्हणून तुझ्याकडे ठेवला. आता खालची खोली मिळाली आहे, गाडी पाठवतो. जयतीर्थाने मागितला तर देऊ नकोस. त्याला सगळे मिळाले, एवढे मिळू नये.

लोभ आहे तो उणा होऊ देऊ नकोस.

तुझा,
पद्मनाभ

*

केशवापूर, हुबळी
ता. ११ फेब्रुवारी १९३५

चि. पद्मनाभास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले. जयतीर्थाचेही पत्र आले आहे. त्यालाही ऑर्गन हवा आहे. लिहितो, कुठेही गेले तरी जुनी माणसे म्हणतात, चाल बरी आहे, पण पद्मनाभअण्णांचा हात नाही. ऐकून ऐकून त्याचे कान किटले आहेत. म्हणजे तू त्याच्यावर जळतोस आणि तो तुझ्यावर.

माझे कुणी विचारीत नाही. अप्पांनी तुला पायपेटीवर बसवले तेव्हा तुझे पाय पोचत नव्हते. मी खाली बसून हातांनी भाता चालवीत असे. पुढे तुझे पाय वाढले आणि माझे लग्न झाले. तुझ्या नाटकांत मी बायकांच्या बाजूला गप्प बसत असे. सगळे थिएटर वन्समोअर ओरडे, मी नाही. शेजारणींना वाटे, किती विनयी बहीण. विनय नव्हता रे तो.

गेल्या दिवाळीपासून दुपारी मी ऑर्गन वाजवते. घरातल्यांना ठाऊक आहे. इकडच्या स्वारीचे दुकानातून जेवायला येणे होते, ते जेवणानंतर हलणेच होत नाही. मग सांगणे होते की डोळा लागला होता.

तेव्हा ऑर्गन तुलाही नाही आणि जयतीर्थालाही नाही. मुलांना पापा. अक्कावरचा लोभ रागातही राहू दे.

तुझी,
अनसूयाक्का

*

सप्तापूर, धारवाड
ता. १४ फेब्रुवारी १९३५

ती. सौ. अक्कास,

शि. सा. न. तुला करमणूक हवी असेल तर घरगुती पेटी घेऊन देतो. माझा ऑर्गन करमणुकीचा नव्हे. तो जुन्या हाताला ओळखतो. रविवारी गाडीवान शंकरला घेऊन स्वतः येतो. दार उघडे ठेव.

पद्मनाभ

*

सप्तापूर, धारवाड
ता. १८ फेब्रुवारी १९३५

ती. सौ. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. तू वाट पाहिली असशील. काल आम्ही आलो होतो.

तुझ्या गल्लीत गाडी शिरेना. खिडकीखाली बायका सुपे घेऊन बसल्या होत्या, एक टांगेवाला टांगा थांबवून उभा होता. आत तू माझेच पद वाजवत होतीस, दुसऱ्या अंकातले यमनाचे. अंतऱ्यात मी झपाट्याने वर चढत असे, टाळी तिथेच पडे. तू पंचमावर थांबलीस. इतकी थांबलीस की मला वाटले, पुढचे विसरलीस. मग वरच्या षड्जाला न शिवता हलकेच खाली उतरलीस. टांगेवाल्याने मान हलवली. एवढी वर्षे ते पद वाजवले, ते असेही जाते हे मला ठाऊक नव्हते.

शंकरने विचारले, कोण वाजवते आहे. माझी बहीण, असे सांगायचे होते. तोंडातून निघाले, चाल माझी आहे. तो म्हणाला, ते नाही विचारले.

गाडी रिकामीच वळवली. वाटेत जयतीर्थाची एकदाही आठवण झाली नाही. तुझाच मत्सर धारवाडपर्यंत पुरला.

आज सकाळपासून इथल्या पेटीवर ती जागा घेऊन पाहतो आहे. पंचमावर थांबतो, पण उतरताना बोटे सवयीने वरच जातात. पुढच्या रविवारी गाडीशिवाय येतो. शिकवशील का?

लोभ असू दे. मत्सर माझ्याकडे पुष्कळ आहे.

तुझा,
पद्मनाभ