छप्पर आपलं, व्याज वॉशिंग्टनचं

लिंकन, नेब्रास्का
ऑक्टोबर २००९

प्रिय आई,

मी सुखरूप पोचले. हॉटेलातली कॉफी म्हणजे रंगवलेलं पाणी, पण फुकट आहे. तुझा गुडघा कसा आहे?

शाळा मंडळाने मला इथे सरकारी योजना समजून घ्यायला पाठवलं, आणि खरंच मजा येतेय. मंदी हटवायला वॉशिंग्टनने पैसा सोडलाय. शाळेच्या छपरासाठी गावाने कर्जरोखे काढायचे, मुद्दल आपण करातून फेडायचं आणि व्याजाचा भार वॉशिंग्टन उचलणार. मी अधिकाऱ्याला विचारलं, "यात मेख कुठे आहे?"

"मेख तुमच्या गावात आहे, बाई. मतदार रोख्यांना हो म्हणेपर्यंत एक खिळाही मिळायचा नाही."

मला लगेच तू आठवलीस. कर वाढेल म्हणून तू दर वेळी रोख्यांना 'नाही' म्हणतेस, आणि चर्चच्या जेवणात शाळेच्या गळतीवर सगळ्यांत जास्त तूच बोलतेस.

या वेळी छप्पर झालं नाही, तर शाळा बंद होऊन पोरं शेजारच्या गावात जातील. त्या गावाच्या फुटबॉल संघाला तू जन्मभर शिव्या घातल्यास. तुझा नातू त्यांचीच जर्सी घालून तुझ्याकडे जेवायला येईल. मंगळवारी मत देताना तेवढं डोळ्यांपुढे आण.

गोळ्या घेत जा.

तुझ्यावरच गेलेली,
नोरीन