सातूचा धूर

वैशाख ३
काल ल्होसाङला पोहोचलो. हवा स्वच्छ, शिखर अगदी खिडकीत. यांगजीताईच्या लॉजात स्वयंपाक्याचं काम मिळालं. माझा गेलू गिर्यारोहकांचे दोर घेऊन आज वर गेला. सकाळी बटाट्याची धिरडी लोण्याबरोबर पोटभर खाल्ली त्यानं. मी वाढतच होतो. यांगजीताई म्हणाली, दादा, इतकं कोंबू नका, पोराला चढायचंय, लोळायचं नाही. गेलू हसून म्हणाला, बाबा आलेत, आता इथले देवही जाड होणार. देवापुढे दिवा लावला. मन भरून आलं.

वैशाख १९
वर बर्फाचा कडा कोसळला. वायरलेसवर सापडत नसलेल्यांची नावं आली. त्यात गेलू.
मेलेल्याला अन्न पोचत नाही, वास पोचतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ निखाऱ्यावर लोणी-सातू टाकून त्याचं नाव घ्यायचं. यांगजीताई म्हणाली, देह मिळालेला नाही, लामा येईपर्यंत थांबा. पोर उपाशी असेल, एवढंच मला सुचत होतं. सातू जाळला. नाव घेतलं. रडू आलं नाही.

वैशाख २३
गेलू चालत खाली आला. यांगजीताईनं त्याला डावानं मारलं, म्हणाली, मेल्या, आम्ही रडून मोकळे झालो की रे! मग कवटाळलं. तो सांगत होता, भेगेत पडलो होतो, सकाळ-संध्याकाळ भाजल्या सातूचा वास यायचा, त्या वासामागून आलो.
धिरडी केली. पोट भरलंय म्हणाला.

वैशाख २६
ताट रोज तसंच परत येतं. मी सातू टाकला की गेलू चुलीवर वाकून बसतो, तोंड धुरात. हात गार.
लामा आले. गेलूकडे त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. मला बाहेर नेऊन म्हणाले, तू जिवंताला जेवू घातलंस की मेल्याला बोलावलंस, मला सांगता येत नाही. आता धुरावर त्याचं नाव घेऊ नकोस. आपोआप वाटेला लागेल.

वैशाख २७
सातू जाळला नाही. गेलू दिवसभर चुलीपाशी. ओठ फाटले. संध्याकाळी म्हणाला, बाबा, भूक लागली. लहानपणी म्हणायचा तसंच.
जाळला.

वैशाख ३०
यांगजीताई खाली गावी गेली. म्हणाली, दादा, तुम्हीही चला. मी राहिलो. पाहुणे कोणी थांबत नाहीत. गेलू म्हणतो, एकट्याला खाववत नाही. तुम्ही पण बसा ना.

ज्येष्ठ १
चहाला चव नाही. बोट चुलीला लागलं, भाजलेलं कळलं नाही. जप करतो, ओठ हलतात एवढंच.
सातू मूठभर उरला —

संध्याकाळ
त्याचं नाव घेतलं. मग माझं.
धूर इकडे वळला. किती छान वास — लोणी — पोट भरत —
गेलू सरकून बसतोय. मला जागा —