गाडीवर बाई होती

प्रिय प्रशिक,

सकाळी तू फाइल घेऊन निघालास तेव्हा मी मोरीपाशी कप विसळत होते. दारातून तू म्हणालास, "संध्याकाळपर्यंत येतो, टेन्शन घेऊ नको." मी मान हलवली, पण वळले नाही. माझं तोंड पाहिलं असतंस तर तू थांबला असतास, आणि तू थांबला असतास तर मी पुन्हा गप्प बसले असते. दीड महिना हेच चाललंय. मी बोलायला लागले की तू म्हणतोस, "तो विषय नको वं, मोना." म्हणून आज लिहून राहिले. निदान लिहिताना तरी तू मला अडवू शकणार नाहीस.

आई शेजारच्या बायांना सांगतात की लग्न झालं तरी पोराला अक्कल आली नाही, विमानासारखी गाडी पाहिजे होती त्याला. तू ऐकून घेतोस. मी त्यांच्या बाजूला बसून मेथी निवडते. ती गाडी कोणाला पाहिजे होती हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. शोरूमच्या काचेपाशी तू दोन मिनिटं थांबायचास, माझा पाय तिथून निघायचा नाही. निळा रंग माझा, वाकून बसायचं ते हँडल मला आवडलेलं. तू तर साधी घेऊ म्हणत होतास. गाडी आणली त्या दिवशी आपण दीक्षाभूमीवर जाऊन आलो, परत येताना वर्धा रोडवर तू जरा रेस पिळलीस आणि मी मागे बसून लहान पोरीसारखी ओरडले. तुला वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते रे. मला तुझ्या जागी बसायचं होतं.

मग बेसाच्या पुढच्या त्या नव्या लेआउटमध्ये, जिथे रस्ते झालेत पण घरं नाहीत, तू मला दर रविवारी शिकवलंस. क्लच सोडताना गाडी उडी मारायची आणि तू हसून रस्त्याच्या कडेला बसायचास. तिसऱ्या रविवारी मला जमलं. तिसरा गियर, चौथा, आणि लेआउटच्या टोकापर्यंत मी थांबलेच नाही. माहेरी मला सायकलसुद्धा उशिरा मिळाली. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून मी लोकांच्या चिठ्ठ्या वाचते, गोळ्या मोजते. त्या गाडीवर मात्र मी कोणी वेगळीच असायचे. माझ्याकडे फक्त स्कुटीचं लायसन आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुलाही. आपण म्हटलं, काढू पुढच्या महिन्यात.

त्या दिवशी पारशिवनीच्या रस्त्यावर चहा पिऊन झाल्यावर चावी मीच मागितली. तू म्हणालास, "हळू चालव, हायवे आहे." मी हळूच निघाले. मग समोर रस्ता रिकामा दिसला, दोन्ही बाजूंना कापूस, आणि काटा नव्वदवर गेला, शंभरवर गेला. नंतर तू मला एकदाच विचारलंस, "मी खांद्यावर थाप मारली, तुला समजली नाही का?" मी म्हटलं, वाऱ्यात कळलंच नाही. प्रशिक, कळली होती. एकदा नाही, दोनदा मारलीस. मला वाटलं, अजून थोडं. फक्त त्या पुलापर्यंत. तेवढ्यात ती बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बांधावरून रस्त्यावर आली.

मला पुढचं नीट आठवत नाही. रस्ताभर सांडलेला हिरवा चारा आठवतो, आणि तुझा रक्ताळलेला हात, ज्याने तू माझ्या डोक्यातलं हेल्मेट काढलंस. लोक शेतातून धावत येत होते. तू माझ्या कानात म्हणालास, "काही बोलू नको. गाडी मी चालवत होतो. तुझ्याजवळ लायसन नाही." लोक पोचले तोवर तू गाडी उचलत होतास आणि मी रस्त्याच्या कडेला बसले होते. कोणी विचारलंच नाही मला. सगळ्यांनी तुलाच धरलं, दोघांनी मारलं, आणि मी बघत राहिले.

पोलिसांनी गुन्हाही तुझ्याच नावावर नोंदवला, आणि आज तू रेल्वेच्या ऑफिसात त्याच गुन्ह्याचा खुलासा द्यायला गेला आहेस. लोको पायलटची परीक्षा तू तिसऱ्यांदा दिलीस तेव्हा पास झालास. पहाटे उठून अभ्यास करायचास, मी शेजारी झोपेत असायचे. आता नेमणुकीचा कागद अडकलाय, आणि तू मला म्हणतोस की होईल सगळं ठीक. तुझं वजन किती उतरलंय ते तुला आरशात दिसत नाही का?

काल मी इतवारीत भांडी बघायला जाते म्हणून निघाले, ते खोटं होतं. मी दवाखान्यात गेले होते, त्या चाऱ्याच्या भाऱ्यावाल्या तुळसाबाईला पाहायला. केस अंबाड्यात बांधून ओढणी घेतली होती. काहून, ते मी स्वतःलाही विचारलं नाही. त्यांचा खुबा अजून जुळला नाही. त्यांची सून कौशल्या माझ्याशी इतकी चांगली वागली की मला बसवेना. ती म्हणाली, "ताई, मनावर घेऊ नका. माय रोज एकच म्हणते, गाडीवर बाई होती, हँडल तिच्याच हाती होतं, तिची वेणी उडून राहिली होती. डोक्याले मार बसला न मायच्या. आमी तं आता तिचं कोणतंच बोलणं धरत नाही." मग हळू आवाजात तिने सांगितलं की सासू चार दिवस पाठ जळते, पाठ जळते म्हणत होती, घरच्यांना वाटलं हेही तसंच. शेवटी कुशीवर वळवून पाहिलं तर पाठीला जखम झाली होती, तळहाताएवढी.

तुळसाबाई जाग्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "बाई, तुमी तं तेथं होत्या. तुमीच सांगा, माहं डोकं फिरलं का?" मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "आजी, तुम्ही आराम करा." त्यांनी माझा हात सोडला. म्हणाल्या, "असन मंग. मलेच गलत दिसलं असन." मी जिना उतरून खाली आले. त्यांचं हाड मी मोडलं तो अपघात होता असं म्हणता येईल. पण काल मी जे केलं तो अपघात नव्हता.

मी आता निघते. आधी दवाखान्यात जाऊन कौशल्यासमोर त्यांना सांगेन की तुमचे डोळे बरोबर होते. तिथून ठाण्यात. तुझ्यावर खोटं बोलल्याचा ठपका येईल, कदाचित नोकरी कायमची जाईल. ते मी तुला न विचारता करते आहे. यासाठी तू मला माफ केलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. पण हे पत्र माफीसाठी नाही. ठाण्यातून तुला फोन येईल. ते विचारतील, गाडी कोण चालवत होतं? आणि मला माहीत आहे, तू पुन्हा "मी" म्हणशील. मग ते माझ्याकडे बघून हसतील, नवऱ्याला वाचवायला आली म्हणतील, आणि त्या म्हातारीसारखंच माझंही बोलणं न धरता मला घरी पाठवतील. मी हात जोडते, पाया पडते तुझ्या, या एका वेळी मला वाचवू नको. फोन उचल आणि माझं नाव सांग.

तुझीच,
मोनाली