तीनवर एक फुकट

४ जानेवारी
आजपासून भावना बाजूला. खरेदी खात्यात उभा जन्म गेला. वॉशरपासून जनरेटरपर्यंत काहीही छापील किमतीला घेतलं नाही. हिच्या कॅन्सरचं औषधही त्याच पद्धतीने घ्यायचं. डॉक्टर म्हणाले, नवी गोळी आहे, आजार बरा होणार नाही, सरासरी अडीच महिने जास्त मिळतात. महिन्याच्या डब्याची किंमत ऐकून मी चष्मा पुसला. पण सरासरी म्हणजे इतरांची. आम्ही कुठे इतरांसारखे?

९ जानेवारी
तीन कोटेशनशिवाय ऑर्डर नाही. तीन डॉक्टर झाले. तिघेही अडीच महिन्यांवरच अडून. आपसात ठरवून दर लावणारे लोक मी चांगले ओळखतो.
ही म्हणाली, त्यापेक्षा ताईकडे जाऊ. हिच्या थोरल्या बहिणीचं घर तळ्याकाठी आहे. तिथे चार दिवस नुसतं बसायचंय म्हणे. जाऊ की. आधी महत्त्वाचं उरकू.

१२ जानेवारी, दुपारी
जिंकलो. औषधांच्या एजन्सीवाल्याकडून कंपनीची स्कीम काढून घेतली. तीन डबे घेतले की चौथा फुकट.
घरी येऊन सांगितलं. ही खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, अडीच महिन्यांत चौथा डबा कुठे बसवणार? खरेदीतलं हिला काही कळत नाही.

१३ जानेवारी
एफडी मोडली. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का? विचारलं. म्हणजे सांगितलं. ही म्हणाली, नको म्हटलं तर तुम्ही जन्मभर स्वतःला खात बसाल, आणा. होकार तो होकार.

२ फेब्रुवारी
हिला तोंड आलंय. पाणीसुद्धा झोंबतं. तळव्यांची सालं निघतात, कप टॉवेलने धरते. डॉक्टरांनी विचारलं, थोडे दिवस थांबवायचं का? मधे खंड पडला तर स्कीम तुटते. हे त्यांना बोललो नाही. म्हटलं, बघू.
संकल्प: रोज सकाळी हिच्याबरोबर गच्चीत बसायचं.

३ फेब्रुवारी
गच्ची जमली नाही. बँकेत होतो.

१४ फेब्रुवारी
दुसरा डबा. ताईकडे कधी, हिने विचारलं. म्हटलं, चौथ्या महिन्यात. तेव्हा औषध फुकट, डोक्याला ताप नाही. ही बरं म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली. प्लॅनिंग पक्कं आहे.
दुपारी उगाच घाबरलो. थांबवलं तर मी मारलं, चालू ठेवलं तर मीच छळतोय. इकडे आड, तिकडे विहीर. पण घाबरून खरेदी होत नाही. एजन्सीवाल्याला फोन केला, पावत्या नीट लावल्या. बरं वाटलं.

१५ मार्च
तिसरा. पैसे देताना एजन्सीवाला म्हणाला, साहेब, झालं आता, पुढचा आपला. त्याने चहा पाजला.
घरी हिच्यापुढे गोळी धरली. ही गोळीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग गिळली. माझे डोळे चुरचुरले. जागरण असेल.

९ एप्रिल
स्कॅन. गाठी वाढल्यात. डॉक्टर म्हणाले, औषध बंद, उपयोग होत नाही. मी म्हटलं, एक डबा यायचाय. त्यांनी फाईल मिटली.
ताईकडे न्यायचं विचारलं. म्हणाले, एवढा प्रवास आता नाही झेपणार. महिन्यापूर्वी झेपला असता का, हे मी विचारलं नाही.

१३ एप्रिल
चौथा डबा आला. फुकट. ही म्हणाली, बघा, मिळवलात शेवटी. टोमणा नव्हता. तेच सहन झालं नाही.
बाहेर येऊन एजन्सीवाल्याला फोन केला, डबा परत घ्या. म्हणाला, साहेब, फुकट मालाला रिटर्न नाही. म्हटलं, बदलून द्या. म्हणाला, बदल्यात काय हवंय?
चार दिवस, म्हणणार होतो. फोन ठेवला.