दोनशे छप्पन मण्यांचं दार

२७ ऑक्टोबर, सोमवार

पैज लागली! श्रियाशीच, दिवाळीच्या उरलेल्या चकल्या मोडता मोडता.

म्हणाली, "आत्या, लग्नात रुखवतावर तोरण तुझंच हवं. पण त्या डब्यावर नको करूस. माझा लॅपटॉप घे."

डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. ऑफिसने भंगारात काढला तेव्हा मी रिक्षात मांडीवर घेऊन आणला. त्यात एक्सेल आहे, दोन हजार तीनचं. लोक त्यात हिशोब करतात म्हणे. मी तोरणं करते — मण्यांची! एक चौकट म्हणजे एक मणी. चौकटी बारीक करायच्या, रंग भरायचे, प्रिंट काढायची आणि सुई-दोरा घेऊन बसायचं. डोंबिवलीत किती दारांवर माझे पोपट बसलेत, मलाच ठाऊक नाही.

श्रियाच्या लॅपटॉपवरचं नवीन मी बघितलंय. वर ही एवढी पट्टी, तिच्यावर शंभर चित्रं. साधं प्रिंट कुठे आहे ते कोणाला तरी विचारावं लागतं. रंग म्हणे कोट्यवधी. अगं पण तेवढ्या रंगांचे मणी कोण विकतं? माझ्या जुन्यात छप्पन रंग आहेत आणि माझ्याकडे बरण्या त्याहून कमी. भागतं की.

आणि मुख्य म्हणजे माझ्या एक्सेलला शेवट आहे. उभ्या रांगा ए, बी, सी करत करत आयव्हीपाशी संपतात. दोनशे छप्पन. बाणाचं बटण दाबून धरायचं, भिंत लागली की बोट काढायचं. चार मिलिमीटरचे दोनशे छप्पन मणी म्हणजे बरोब्बर आपल्या फ्लॅटचं दार. टेपसुद्धा लागत नाही! नव्याची भिंत म्हणे कुठच्या कुठे लांब. माझं काय काम तिकडे?

तर पैज अशी — तोरण डब्यावर पुरं झालं, तर श्रियाने हळदीत सगळ्यांसमोर माइकवर सांगायचं की आत्याचा डबा भारी. नाही झालं, तर डबा भंगारात. मी एका सेकंदात टाळी दिली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मेले.

आज प्रफुल्लच्या घरी शीळफाट्याजवळ गेलेले, तोरण लागणार ते दार बघायला. प्रफुल्ल म्हणजे आमचा होणारा जावई. सीसीटीव्ही बसवतो, कॉम्प्युटर दुरुस्त करतो, बोलतो कमी. त्याच्या वडिलांनी, परशुरामरावांनी, नवीन बंगला बांधलाय. दार सागवानी, दोन झडपांचं, दोन्हींवर सिंह. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. धरून मागे जाते, जाते, जातेच आहे. सात फूट! "दार उघरं नाय दिसला पायजे," म्हणाले. मी म्हटलं, हो हो, नाही दिसणार.

घरी येऊन चपला न काढता डब्यासमोर बसले. बाण दाबला. आयव्ही. भिंत. अजून अर्ध्याहून जास्त दार बाकी.

श्रियाने बघितलं. हसली असती तर चाललं असतं. हसली नाही, नुसता लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला.

३० ऑक्टोबर

तोरणावर हत्तींची मिरवणूक ठरवलीय. दोन तुकडे करून जोडू का? हत्तीच्या पोटात सांधा? नको. पूर्ण मिरवणूक एकत्र दिसल्याशिवाय मला सुईच धरवत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

नाचावंसं वाटतंय. नाचलेच थोडी, स्वयंपाकघरात.

दुपारी तुळसाबाई आलेल्या, प्रफुल्लची आई. साड्यांचं बघायला. येताना वड्यांचा डोंगर घेऊन. बसल्या, पंखा वाढवायला लावला, आणि टेबलावरची माझी प्रिंट हातात घेतली. मी आपलं रडगाणं सांगितलं. भिंत अशी, दार तसं. त्या ऐकत होत्या की वडे मोजत होत्या, कोण जाणे. मग कागद गरकन फिरवला आणि म्हणाल्या, "आगो विहीनबाय, आरवा नाय मावत तं उभा घाल ना. दारान टांगताना फिरवशील."

उभा!

खाली पासष्ट हजार ओळी आहेत. बंगल्याचं काय, अख्ख्या शीळफाट्याचं तोरण मावेल. मी तुळसाबाईंना मिठी मारली. त्यांच्या हातातला वडा माझ्या खांद्यावर चुरला. "येरी झालीस का," म्हणाल्या, पण सोडलं नाही त्यांनीपण.

श्रिया कॉलेजातून — छे, ऑफिसातून! मी अजून कॉलेजच म्हणते — आली तेव्हा हत्ती पडद्यावर उभे चढायला लागलेले.

९ नोव्हेंबर, रविवार

मान आखडली. पडद्यावर सगळी मिरवणूक आडवी नाही, उभी — हत्ती वर चढतायत, पोपट पाठीवर पडलेत, मी डोकं वाकडं करून बसते. श्रिया आयोडेक्स चोळून देते आणि विचारते, "देऊ लॅपटॉप?" मी म्हणते, "चोळ गप."

डिझाईन निम्मं झालं. जेवढं झालं तेवढं ओवायलाही घेतलंय.

दादाचा, श्रियाच्या बाबांचा, मस्कतहून फोन. तिकिटं काढली. श्रिया पाचवीत असताना शाळेसाठी माझ्याकडे ठेवलेली, "दोन वर्षांसाठी". कधी परत नेलीच नाही. मागितली असती तरी मी परत दिली नसती. काहीतरीच लिहितेय. झोपते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डबा गेला.

सकाळी चालू केला. आतून टक् टक् टक् आवाज आला, आणि मग तोही बंद. पडदा काळा. पाठीवर थापटलं, वायर काढून लावली, देवाचं नाव घेतलं. काही नाही.

राहिलेलं डिझाईन त्याच्या पोटात. पेनड्राइव्हवर ठेव म्हणून श्रिया किती ओरडायची.

संध्याकाळी ती आली. मी म्हटलं, "जिंकलीस बाई. ने भंगारात. लॅपटॉप दे इकडे." चांगलं हसून म्हणायचं ठरवलेलं, पण रडायला आलं. मूर्खासारखं, हमसून. एका यंत्रासाठी! यंत्रासाठी नव्हतंच ते. ही गेल्यावर या घरात मी आणि डबा असं मी मनात धरून चाललेले. संध्याकाळी चहा, डबा, चार मणी. आता नुसता चहा.

श्रियाने प्रफुल्लला फोन केला. तो गाडी घेऊन आला, डबा उचलला, आणि दोघं गेले. तिने डब्याभोवती स्वतःची ओढणी गुंडाळलेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

जिवंत! डबा जिवंत आहे!

प्रफुल्लने आणून जागेवर ठेवला. त्याचे डोळे लाल, श्रियाचेही लाल. काल दिवसभर दोघं त्याच्या दुकानातच. "काय झालेलं रे?" विचारलं तर म्हणाला, "धूळ होती, आत्या." आणि श्रियाकडे बघितलं. इतकी वर्षं मी पुसते, तरी धूळ!

चालू केला. हत्ती जसेच्या तसे. मेनूत फाइल जिथल्या तिथे, एडिट जिथल्या तिथे. सुरू होताना वाजतं ते गाणं वाजलं नाही — स्पीकर गेला म्हणे. अक्षरं जरा बारीक वाटतात. रंगांचे चौकोनपण जास्त दिसतात, चष्म्याचा नंबर बदलला असणार. आजारातून उठलेलं माणूस थोडं वेगळं दिसतंच.

"म्हणजे पैज चालू?" मी विचारलं.

"चालू," श्रिया म्हणाली. एवढंच. हरायला लागली की असंच तोंड करते, लहानपणापासून.

१८ नोव्हेंबर

डबा सुसाट सुटलाय! बटण दाबायच्या आत रंग भरतो. वाण्याला सांगितलं, शेजारच्या सरोजवहिनींना सांगितलं, इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगितलं — जुन्या वस्तूंना नुसती धूळ पुसावी लागते, त्यांची सर नव्याला नाही. सरोजवहिनी म्हणाल्या, तुम्ही कंपनीची जाहिरात घेतलीत काय?

२६ नोव्हेंबर, बुधवार

झालं. शेवटचा मणी लाल. दोरा दातांनी तोडला.

हॉलमध्ये मावेना म्हणून जिन्यात पसरलं. शेजारीपाजारी कठड्यावरून वाकून बघत होते. अकरा हत्ती, मध्ये कलश, वर पोपट. कुठे सांधा नाही. श्रिया पायरीवर बसून एकेका हत्तीला हात लावत होती. "आत्या, हा शेवटचा मागे वळून बघतोय," म्हणाली. मी म्हटलं, माहीत आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पाय दुखतायत, घसा गेलाय, केसांत हळद. अशी हळद मी जन्मात बघितलेली नाही! मांडव केवढा, बेंजोवाले किती, आणि नाचणारी माणसं कुठून कुठून येतच होती. आमच्या बाजूचे सगळे खुर्च्यांवर सभ्यपणे बसलेले. तुळसाबाईंनी मला दंडाला धरून उठवलं. मग मी बसलेच नाही. दादा बघतच राहिला.

आणि मध्येच श्रियाने बेंजो थांबवला. पिवळीधमक, हातात माइक. "मी पैज हरलेय," म्हणाली. "माझ्या आत्याचा डबा भारी!" कोणाला काही कळलं नाही, तरी अख्खा मांडव ओरडला. परशुरामरावांनी तर शिट्टी मारली. प्रफुल्ल हसून हसून पाटावरून पडायचा बाकी होता. श्रियाही हसत होती, पण डोळे भरलेले. मला वाटलं, सासरी जायचं म्हणून.

हरल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

१ डिसेंबर, सोमवार

काल लग्न झालं. आज तोरण सात फुटांच्या दारावर आहे आणि मी इथे.

चहा एक कप टाकायचा, दोन टाकले. डबा चालू करून ठेवलाय, नुसताच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कोपरहून ऑर्डर आली. साधं फ्लॅटचं दार, पोपट आणि कलश. कितीतरी दिवसांनी डावीकडून उजवीकडे. बाण दाबून धरला आणि भिंतीची वाट बघत बसले.

आयव्ही आला. आयव्ही गेला. आयडब्ल्यू, आयएक्स, आयवाय... बोट काढेपर्यंत कुठे पोचलेले, देव जाणे.

मग कॅबिनेटच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं. आत सगळं कोरं करकरीत. डबा माझा, वरचा ओरखडासुद्धा माझा, बाकी काहीच माझं नाही. दोघांनी दुकानात बसून जुन्या एक्सेलसारखं दिसणारं काहीतरी शोधलं, फाइल आणि एडिट जागच्या जागी आणून ठेवलं. माझे हत्ती मेलेल्यातून बाहेर काढले. पैज श्रिया त्याच दिवशी जिंकलेली. आणि चारचौघांत माइकवर हरली.

उद्या दोघं जेवायला येतायत. पुरणपोळी करणार आहे. वाढता वाढता डब्याचं तोंडभरून कौतुक करेन — नव्या मशीनला जन्मात जमायचं नाही म्हणून. तेव्हा श्रियाने प्रफुल्लकडे बघून हसू दाबलं, तर मला दिसणार नाही.

दार मात्र आता टेपने मोजावं लागेल.